जर्मनीतल्या शटरची खरी गोष्ट

जर्मनीतल्या ज्या म्हाताऱ्या बाईंना मी आपल्या संघाच्या सभागृहात मारलं, त्या जिवंत आहेत. यंदा मे महिन्यात मी त्यांना भेटून आलो. त्यांनी स्वतःच्या हाताने मला केकचा तुकडा वाढला आणि पुण्यात फार उकडतं का, असं विचारलं.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या या वार्षिकात दरवर्षी कुणाचं ना कुणाचं प्रवासवर्णन येतं. यंदा माझं मागितलं गेलं. संपादकांना हिरवळ, स्वच्छता आणि ट्यूलिपची फुलं अपेक्षित असावीत. ती वाटेत आली तेवढी देतो. पण आधी मला माझी एक जुनी गोष्ट दुरुस्त करायची आहे, कारण ती तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी आणि माझी बायको सुमन पहिल्यांदा जर्मनीला निखिलकडे, म्हणजे मुलाकडे, राहून आलो. आल्यावर मी संघात 'तिकडचं जगणं, इकडचं जगणं' असं भाषण केलं. तिकडचे रस्ते, दवाखाने, नळाचं पाणी यांचं कौतुक केलं आणि शेवटी हेल्गाबाईंची गोष्ट सांगितली. निखिलच्या घरासमोर राहणाऱ्या या एकट्या बाई. तिकडे खिडक्यांना बाहेरून शटर असतं, आपल्या दुकानांना असतं तसंच, पण हलकं. रात्री खाली ओढायचं, सकाळी वर करायचं. मी सांगितलं की हेल्गाबाईंचं शटर दोन दिवस वर गेलं नाही, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याने कुठल्याशा कार्यालयाला फोन केला, माणसं आली आणि बाईंना चादरीत गुंडाळून घेऊन गेली. "तिकडे माणूस मेला की आधी शटरला कळतं," मी म्हणालो. "आपल्याकडे हाक मारा, चार दारं उघडतात!" टाळ्या थांबेनात.

खरं असं घडलं होतं: सकाळी आठ वाजले तरी शटर खाली होतं, म्हणून समोरचा योर्ग नावाचा शेजारी रस्ता ओलांडून गेला. त्याने बेल वाजवली, मग त्याच्याकडे असलेल्या किल्लीने दार उघडलं. बाई स्वयंपाकघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिका आली. आम्ही परत निघालो तेव्हा बाई काठी घेऊन अंगणापर्यंत यायला लागल्या होत्या. योर्ग गेला, रुग्णवाहिका आली, हे मी निखिलच्या खिडकीतून पाहिलं होतं, बाकीचं निखिलने सांगितलं होतं.

भाषणानंतर रिक्षात सुमन म्हणाली, "अहो, तुम्ही बाईंना मारलंत."

"अगं, गोष्टीला शेवट लागतो."

"होता की शेवट. त्या उठून बसल्या."

"त्याला टाळ्या पडल्या नसत्या."

"मग बरोबर आहे," सुमन म्हणाली. "टाळ्यांसाठी एखादी बाई गेली तर काय बिघडतं!"

सदाशिव पेठ

त्या दिवशी पहिल्या रांगेत दिगंबर बसला होता. शाळेपासूनचा माझा मित्र दिगू, आणि आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहणारा. बायको गेल्यापासून एकटा. त्याची एकुलती एक मुलगी मृणाल नेदरलँड्समध्ये, आपण ज्याला हॉलंड म्हणतो तिथे. ती वर्षभर त्याच्या मागे लागली होती, बाबा इकडे या, कायमचे या. तो जवळजवळ तयार झाला होता. मोठी बॅगसुद्धा माळ्यावरून काढली होती. भाषणानंतर त्याने तिला फोन करून सांगितलं, "मला तिकडे शटरच्या भरवशावर मरायचं नाही." बॅग परत माळ्यावर गेली, ती मीच स्टुलावर चढून ठेवली. मित्र इथेच राहणार याचा मला आनंद झाला होता, हे लपवत नाही.

पुढच्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी दिगूच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. एरवी तो उजाडताच ती आत घ्यायचा. आमच्या इमारतीत रीत अशी की कुणी गावाला गेलेलं दिसलं, तर शेजाऱ्याने त्याचं दूध आत घ्यायचं. नासायला नको. याला आम्ही शेजारधर्म म्हणतो. दिगूची धाकटी बहीण विश्रांतवाडीला राहते. तो मनात आलं की न सांगता तिच्याकडे दोन-चार दिवस जायचा. तसाच गेला असेल, असं मी धरून चाललो. पिशवी काढली, आमच्या फ्रीजमध्ये ठेवली. बेल वाजवली नाही. आधी एकदा उशिरापर्यंत दार उघडलं नाही म्हणून मी बेल वाजवली होती, तेव्हा दिगू दाढीचा साबण तोंडाला लावून दारात आला होता. "काय रे बापू, मेलोय का बघायला आलास? मेलो की कळवीन!" तो टोमणा मला लागला होता.

दुपारी मृणालचा फोन आला. "काका, बाबा फोन उचलत नाहीयेत. नुसता वाजतोय."

"अगं विश्रांतवाडीला गेलाय तो. मोबाईल विसरला असेल. मी दूध आत घेतलंय त्याचं."

"बेल वाजवून बघितलीत?"

"वाजवली की."

मी खुर्चीत होतो, मांडीवर पेपर होता. उठून चार पावलं जायची होती.

दुसऱ्या दिवशी कडीला आणखी एक पिशवी. तीही मी काढली. सुमन म्हणाली, दोन झाल्या, एक वापरते. त्या दुधाचा आम्ही चहा केला. दुपारी मृणालचा पुन्हा फोन. तिने आत्याला विचारलं होतं, बाबा तिकडे नव्हते. मग माणूस बोलावून लॅच तोडलं. दिगू न्हाणीघरात होता. आमचे नेहमीचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पडल्याबरोबर गेलेले नाहीत. काल दिवसभर होते."

मृणाल आली तेव्हा मी तिला सांगितलं, "पडला तेव्हाच गेला, बाळा. त्याला काही कळलंसुद्धा नाही." तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "काका, तुम्ही होतात म्हणून." पोलिसांचे, डॉक्टरांचे कागद मी पुढे केले. तिने वाचले नाहीत.

यंदा निखिलने तिकिटं पाठवली तेव्हा मी सुमनला म्हणालो, जर्मनीहून मी दोन दिवस मृणालकडे जाऊन येतो. तिला खरं काय ते सांगतो. मला एकोणऐंशी झाली आहेत. पुन्हा जाणं होणार नाही.

"तिला ते हवंय का, विचारलंत?" सुमन बॅगेत भाजणी भरत होती.

"सांगू नको म्हणतेस?"

"मी सांगू नका म्हटलं नाही. विचारलंत का, एवढंच विचारलं."

जर्मनी

निखिलचं गाव लहान आहे. एक चर्च, एक बेकरी, द्राक्षांच्या मळ्यांचा उतार आणि रविवारी स्मशानासारखी शांतता. रविवारी तिकडे कपडे धुवायचं यंत्र लावलेलं शेजाऱ्यांना आवडत नाही, भिंतीत खिळा ठोकायचं तर नावच नको. दुपारच्या वामकुक्षीवर पुणेकरांचा हक्क आहे असं आपल्याला वाटतं, पण तिकडे अख्ख्या रविवारची वामकुक्षी आहे आणि तिला कायद्याचा आधार आहे. संध्याकाळचं जेवण थंड: पाव, चीज, काकडी. सुमनने पहिल्याच दिवशी थालीपीठ लावलं तर धुराची सूचना देणारं छतावरचं यंत्र केकाटायला लागलं आणि निखिल टॉवेल घेऊन खुर्चीवर चढला. सून सायली म्हणाली, "आई, इथे कुणाकडे फोडणी झाली की अख्ख्या गल्लीला कळतं." सुमन म्हणाली, "बरं आहे. काहीतरी कळतं म्हणायचं."

मागच्या खेपेला मी जे पाहिलं तेच यावेळीही पाहिलं, पण डोळे वेगळे होते. बसला चढताना म्हाताऱ्यासाठी बसच वाकते. फूटपाथ आहे आणि त्यावर चालता येतं. डॉक्टर वेळ देतात, ती मात्र दीड महिन्यानंतरची. निखिलच्याच गल्लीच्या टोकाला एक म्हातारा गेल्या वर्षी घरात मरून पडला होता, कित्येक आठवडे. त्याचं शटर कायम खालीच असायचं, त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं नाही. म्हणजे मी सांगितलेली गोष्ट तिकडे घडत नाही असं नाही. मी ती चुकीच्या बाईंच्या नावावर घातली होती, आणि जी वाचली तिला पुरलं होतं.

हेल्गाबाई आता वृद्धाश्रमात आहेत. त्याला आपण आश्रम म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर टाकून दिलेली माणसं येतात. तिथे प्रत्येकाला खोली आहे, खोलीत स्वतःचं कपाट आहे, आणि जेवणाच्या खोलीत चार म्हातारे एकमेकांकडे न बघता बसलेले आहेत. स्वच्छ, उबदार, आणि दुपारी तीन वाजता इतकं शांत की लिफ्टचं दार उघडलं तरी सगळे वळून बघतात. मला ते सुख वाटलं नाही. पण न्हाणीघरात हाताशी लाल दोरी होती, ओढली की माणूस येतो. मी ती दोरी बराच वेळ बघत उभा राहिलो. निखिलने बाहेरून विचारलं, "बाबा, ठीक आहात ना?"

योर्ग तिथे आला होता. दर बुधवारी येतो. आता तोही सत्तरीचा आहे, गॅरेजमध्ये काम करून निवृत्त झालेला, हात अजून काळसर. निखिल आमच्यात दुभाष्या.

बाईंनी मला ओळखलं. केक वाढला. मग म्हणाल्या, "तुम्ही जाताना म्हणाला होतात, माझी गोष्ट तुमच्या गावात सांगाल. सांगितलीत?"

"सांगितली."

"मग? लोक काय म्हणाले?"

निखिलने भाषांतर केलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याला माझं भाषण माहीत होतं. त्याची चित्रफीत मीच त्याला पाठवली होती.

"टाळ्या वाजवल्या," मी म्हणालो.

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी योर्गच्या दंडावर चापटी मारली. "बघ! भारतात तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या!"

योर्ग लाजला. मी त्याला विचारलं, त्या दिवशी तुम्ही नेमके गेलात कसे? तो म्हणाला, त्यात काही नाही, आमचं ठरलेलं होतं. बाई गावाला जाणार असतील तर आधी सांगणार. सांगितलं नसेल आणि आठपर्यंत शटर खाली असेल, तर मी जाणार. त्याआधी एकदा गेलो होतो तेव्हा बाईंना नुसती जास्त झोप लागली होती. गाऊनवर दारात येऊन त्यांनी मला उभा-आडवा घेतला होता.

"काय म्हणाल्या?"

निखिल हसला. "म्हणाल्या, मी मरायची वाट बघतोस काय, गाढवा?"

मी विचारलं, "एवढं बोलून घेतल्यावर पुन्हा कसे गेलात?"

योर्गला प्रश्नच नीट कळला नाही. त्याने निखिलकडून तो दोनदा समजून घेतला. मग म्हणाला, "शटर खाली होतं ना."

परत येताना मी वाटेतल्या घरांची शटरं बघत होतो. शटर खालीच राहिलं म्हणून योर्गला दिसलं होतं. दिगूची पिशवी कडीलाच राहिली असती तर जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला तरी दिसली असती. पहिल्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी पहाटे, दोन पिशव्या एकावर एक बघून, कुणीतरी बेल वाजवली असती. दिगूचं शटर मी माझ्या हाताने वर केलं होतं.

वाटेत

जर्मनीच्या रेल्वेवर घड्याळ लावून घ्यावं, असंही मी भाषणात म्हणालो होतो. तेही मागे घेतो. माझी गाडी तासभर उशिरा आली, आयत्या वेळी फलाट बदलला आणि सरहद्दीजवळच्या स्टेशनवर पुढची गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. बाकावर बसून मी सुमनने दिलेल्या दशम्या खाल्ल्या. शेजारी बसलेली एक तरुण मुलगी इंग्रजीत म्हणाली, "आमच्या रेल्वेची आम्हाला लाज वाटते." मी म्हटलं, "लाज वाटतेय तोवर बरं आहे." ती हसली. मग ती मोबाईलमध्ये गेली आणि मी, मृणालला पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते जुळवत बसलो. एकही वाक्य जुळलं नाही. गाडी आणखी उशिरा आली असती तरी माझी हरकत नव्हती.

हॉलंड

सरहद्द ओलांडली की आधी खिडक्या बदलतात. शटरं संपतात आणि मोठ्या काचा सुरू होतात, पडद्यांशिवाय. मृणालच्या रस्त्यावरून चालताना प्रत्येक घरातला दिवा, सोफा, जेवणारी माणसं, सगळं दिसत होतं. आपल्याकडे असं घर असेल तर अख्खी गल्ली तिथे उभी राहील. इथे कुणी आत बघतच नाही.

"पडदे लावले की लोकांना वाटतं, काहीतरी लपवताय," मृणाल म्हणाली. ती आता पन्नाशीची आहे, केस पांढरे होऊ दिले आहेत, चेहरा थेट दिगूचा. "पण उघडं ठेवायचं आणि बघायचं मात्र नाही. दोन्ही नियम पाळायचे."

"चहाचं काय? देतात का?"

"देतात की. एक कप आणि एक बिस्किट. मग डब्याचं झाकण लावून टाकतात." तिने हाताने टप् करून दाखवलं. "तुम्हाला सदाशिव पेठेतच आल्यासारखं वाटेल, काका."

आम्ही हसलो. तेवढं शेवटचं.

तिने मला खालची खोली दिली. ती खोली कुणासाठी केली होती ते तिने सांगितलं नाही, पण उंबरठा काढून उतार केलेला होता, पलंग आपल्याकडच्यासारखा कडक होता. न्हाणीघरात दोन बाजूंना स्टीलचे दांडे भिंतीत पक्के बसवलेले होते, नवेकोरे, त्यांच्यावर कुणाचा हात पडलेला नव्हता. ते धरल्याशिवाय मला उठता येईना. दिगूचे दांडे मी वापरत होतो.

हॉलंडमध्ये वाढदिवसांची दिनदर्शिका शौचालयात टांगायची पद्धत आहे. त्यात वार नसतात, साल नसतं, नुसत्या तारखा. त्यामुळे ती कधी बदलावी लागत नाही. एकदा लिहिलेली नावं वर्षानुवर्षं तिथेच. मृणालकडेही ती होती. मे महिन्याच्या पानावर, माझ्या डोळ्यांसमोर, निळ्या शाईत 'बाबा' लिहिलेलं होतं. दिगूचा वाढदिवस त्याच आठवड्यात येतो, हे मी विसरलो होतो. शाळेपासूनचा मित्र म्हणवतो मी स्वतःला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला पावावर लोणी आणि त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे, मोहरीसारखे. मोठी माणसंसुद्धा हेच खाऊन ऑफिसला जातात. मृणालचा नवरा तसंच खाऊन सायकलवर गेला. आम्ही कालव्याच्या कडेने फिरलो. संपादकांना हवे असलेले ट्यूलिप तिथे होते, मोसम संपत आल्यामुळे पाकळ्या गळून काळे दांडे उरलेले. आपल्यापेक्षा मोठ्या वयाच्या बाया ताठ बसून सायकल चालवत होत्या. "इथे म्हातारं व्हायला सोपं आहे," मृणाल म्हणाली. "पण डायरीत वेळ बघून भेटायला येतात मुलं. समोरची बाई आहे ना, तिचे वडील पाच मिनिटांवर राहतात. ती महिन्यातून एका शनिवारी जाते." थोडं चालून ती म्हणाली, "बाबांना ते जमलं नसतं. तुम्ही सांगितलं होतंत ना, त्या जर्मन बाईंचं. ते बरोबरच होतं. इथे तसंच झालं असतं कदाचित."

मी तिथे बोलायला हवं होतं. "ऊन लागतंय, घरी जाऊ," असं म्हणालो.

घरी पुढच्या खोलीत, त्या मोठ्या काचेसमोर, मी सांगितलं. आधी हेल्गाबाई जिवंत आहेत, हे. मग त्या दिवशी मी बेल वाजवली नव्हती, हे.

मृणालने टेबलावरचा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाबा तुमच्या एका गोष्टीमुळे राहिले, असं नका समजू. ते कुणाचं ऐकणाऱ्यातले नव्हते." तिचा आवाज शांत होता. "पण बेल. मी विचारलं होतं तुम्हाला. मला आठवतंय, मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, वाजवली की."

"हो."

"मी इथून आत्याला त्याच दिवशी फोन करणार होते. केला नाही. म्हटलं, काकांनी बेल वाजवलीय." तिने कपाळ दाबलं. "जाऊ दे. वाजवून तरी काय होणार होतं? ते तर पडल्याबरोबरच..."

तिथे थांबता आलं असतं. तिनेच मला दार उघडून दिलं होतं. सुमनचा प्रश्न मला आठवला, तिला ते हवंय का? मी विचारलं नाही. मी म्हणालो, "नाही, मृणाल. डॉक्टर म्हणाले होते, तू पहिला फोन केलास तो दिवसभर होता."

ती उठली. काचेपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आणि ते दूध?" तिने विचारलं. "त्या पिशव्या?"

"चहा केला."

ती रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. मी उठलो, पण जवळ जायचं धैर्य झालं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला हे कशाला सांगितलंत, काका? 'काही कळलं नाही' एवढ्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं झोपतेय. आता मी रात्री काय करू? तुम्ही जाल पुण्याला, मोकळे होऊन."

 

आणि तेवढ्यात बेल वाजली.

मृणालने डोळे पुसून दार उघडलं. एक उंच, सोनेरी-पांढऱ्या केसांची बाई दारात उभी होती, पायात घरातल्याच सपाता. दोघी त्यांच्या भाषेत मिनिटभर बोलल्या. बाईंनी मृणालच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या रस्ता ओलांडून परत गेल्या.

"कोण होत्या?"

"समोरच्या बाई. खिडकीतून मी रडताना दिसले म्हणाल्या. काही हवंय का, विचारायला आल्या होत्या." मृणाल दार लावून तिथेच टेकून उभी राहिली. "इतकी वर्षं इथे राहते मी. पहिल्यांदाच दारात आली ती."

महिन्यातून एका शनिवारी वडिलांना भेटणारी ती हीच बाई.

संध्याकाळी मृणालने वरणभात केला. नवऱ्याशी ती नेहमीसारखं बोलली. माझ्या ताटात तूप वाढलं. जेवणानंतर चहा विचारला आणि मी नको म्हणालो. सकाळी ती मला स्टेशनवर सोडायला आली.  मी डब्यात चढलो, वळलो, तेव्हा तिने विचारलं, "काका, बाबांच्या दाराची बेल चालू आहे का हो?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नका," ती म्हणाली. "वाजवा."

परत

विमानतळाबाहेर पडलो तर गरम हवेचा झोत, हॉर्न, आणि रिक्षावाल्याचं "कुठं जायचंय? नाही, तिकडं नाही जात." तीन देशांमध्ये चांगला कुठला, असं सभेत विचारलंत तर मला सांगता येणार नाही. रस्ते, पाणी, दवाखाने यांची तुलना तुम्ही तुमच्या मुलांना विचारा, ती जास्त नीट सांगतील. एवढंच सांगतो, आपल्याकडे हाक मारली की चार दारं उघडतात हे मी म्हणालो होतो, आणि ज्याला हाक मारता येत नव्हती त्याच्या समोरचं दार माझं होतं.

हा लेख मी सुमनला वाचून दाखवला. ती म्हणाली, "झाल्या बाई जिवंत. आता गप्प बसा थोडे दिवस."

दिगूच्या घरात सध्या यवतमाळकडची दोन मुलं भाड्याने राहतात, एक नोकरी करतो, एक परीक्षेचा अभ्यास. मृणालच्या आत्याच्या ओळखीने आलेली. मी परत आल्याच्या दुसऱ्या सकाळी, आठ वाजून गेले तरी दुधाची पिशवी कडीला होती. मी दिगूच्या दाराची बेल वाजवली. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा वाजवली.  आतून कुणीतरी स्टुलावर आपटलं, मग दार किलकिलं झालं.

"काय जी काका, सुट्टी आहे न आज. झोपू द्या ना."

"झोपा," मी म्हणालो. "ठीक आहात ना, तेवढंच."

"ठीकच आहो. काय झालं?"

"काही नाही."

मृणालला निरोप पाठवला, बेल चालू आहे. तिने वाचल्याची खूण झाली. उत्तर आलेलं नाही. येईल असं मी धरून चाललेलो नाही.

मुलं माझ्यावर वैतागतात. परवा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "हे काका मेल्यावरच आपल्याला झोप भेटंल." मला ऐकू आलं, आणि त्यालाही कळलं की मला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाजवली. पिशवी कडीलाच होती. मी तिला हात लावत नाही. दार उघडेपर्यंत ती तिथेच राहते, आणि मीही.